बर्गनची वार्ता, शिरगावची वई

"पोचली का हो वहिनी तुमची लेक?" मी वईजवळ जाऊन विचारलं. पोचल्याचं मला दूधवाल्याकडून सकाळीच कळलं होतं. पण आमच्या पालघरजवळच्या शिरगावात वईवर माहीत असलेली गोष्टही नव्याने विचारायची असते, नाहीतर समोरच्याने सांगायचं काय?

"पोचली काय, गाव भटकूनसुद्धा झालं," वहिनी म्हणाल्या. जूनचं उघडं-मिटं ऊन, त्यात त्या आगोटीला भरलेले सुके बोंबील सुपात घेऊन निवडत बसल्या होत्या. "काल पहिला दिवस. चौघी मैत्रिणी, पाठीवर ही एवढाली बोचकी. गावाचं नाव बर्गन. नॉर्वेत आहे. ओस्लोहून आगगाडीने जवळजवळ सात तास."

"बसायला मिळालं ना?" डहाणू लोकलने जाणाऱ्या माणसाला दुसरा प्रश्न सुचतच नाही.

"अहो, खिडकी मिळाली. वाटेत फिन्से म्हणून स्टेशन लागतं, 1222 मीटर उंचावर. जून महिन्यात बाहेर बर्फ! ही रेल्वे 1909 सालची म्हणे. रात्री दीड वाजता व्हिडिओ कॉल केला पोरीने. मी दचकून उठले, म्हटलं काय झालं? तर तिकडे दहा वाजलेले आणि लख्ख उजेड. अकरा वाजता सूर्य मावळतो. दिवेलागणीला घरी ये म्हणायची सोयच नाही."

एवढ्यात पलीकडच्या वाडीतल्या काकी आल्या. काकींना बातमीत रस नसतो, बातमीच्या मागच्या बातमीत असतो. "चौघीच? बरोबर कुणी पुरुषमाणूस नाही?"

"नाही. पण काकी, तिथलीच एक गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल," वहिनींनी सूप खाली ठेवलं. "बंदरावर रंगीत लाकडी घरांची रांग आहे. ब्रिगेन म्हणतात. काही घरं तर चक्क कलंडलेली. तिथे साधारण 1360 पासून 1754 पर्यंत जर्मन व्यापाऱ्यांची पेढी होती. चारशे वर्षं. आणि नियम काय, तर पेढीवरच्या माणसाने लग्न करायचं नाही! नुसती पुरुषांची वसाहत."

"अगं बाई! मग रांधायचं कोण?"

"तेही घरात नाही. लाकडी घरं, आगीची भीती, म्हणून आत विस्तवच पेटवायचा नाही. शेकायला आणि जेवायला मागे वेगळी घरं बांधलेली."

"म्हणजे बायको नाही आणि चूलही नाही," काकी म्हणाल्या. "मेले राहायचे कशाला तिथे?"

"सुक्या माशाला," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा फुलला. कारण खरी बातमी पुढेच होती.

ही बातमी समजायला तुम्हाला वहिनींची लेक माहीत हवी. घरात बोंबील भाजले की पटापट खिडक्या उघडणारी ही पोर. सातपाटीच्या बाजारात आईबरोबर गेली की नाकाला ओढणी. निघताना वहिनींनी जवळ्याची चटणी बांधून दिली, तर बॅगेला वास येईल म्हणून चुपचाप फडताळात ठेवून गेली. आणि बर्गनला पहिल्याच दिवशी बाईसाहेब गेल्या कुठे? सँडविकेन भागातल्या जुन्या गोदामांत भरवलेल्या मत्स्यव्यवसाय संग्रहालयात! तिकीट काढून! काय बघायला? तर सुका मासा, वल्ही आणि होड्या.

"क्रोनर मोजले हो तिने," वहिनी म्हणाल्या. "एक क्रोनर म्हणजे आपले आठ-साडेआठ रुपये. पन्नास क्रोनरची कॉफी प्यायल्या एकेकजणी, त्याचं मला काही वाटलं नाही. पण सुका मासा बघायला पैसे?"

पन्नास क्रोनर म्हणजे चारशेच्या वर. चारशेत पालघर स्टेशनाबाहेर चौघींचा वडापाव-चहा होऊन शिरगावपर्यंतची रिक्षाही सुटली असती. पण हा हिशेब मी मनात केला. दुसऱ्याच्या लेकीचा खर्च वईवर मोठ्याने मोजू नये.

वहिनींनी मात्र त्या माशाची माहिती पोरीकडून खोदून खोदून घेतली होती, आणि इथे मला त्यांचं कौतुक वाटलं. त्यांनी सुपातून दोन बोंबील उचलले. "हे बघा, आपण काय करतो? एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतो आणि जोडी वलांडीच्या दोरीवर टाकतो. ते लोक कॉडची मुंडी आधी उडवतात, मग दोन माशांच्या शेपट्या बांधून जोडी लाकडी मांडवावर लटकवतात. आपली तोंडाने जोडी, त्यांची शेपटीने. मीठ आपणही लावत नाही, तेही नाही."

"ऊन कुठे तिकडे?" काकींनी शंका काढली.

"ऊन नकोच त्यांना. वर उत्तरेला लोफोटेन बेटांवर फेब्रुवारी ते मे, गारठ्यात, नुसत्या वाऱ्यावर वाळतो. थंडीमुळे माशी बसत नाही. तिथून होड्या भरून बर्गनला यायचा, बदल्यात वर धान्य जायचं. त्यावरच ती बिनलग्नाची पेढी गबर झाली. अजूनही चांगला माल इटलीला जातो आणि सुकवलेल्या मुंड्या नायजेरियाला."

काकी गप्प झाल्या. काकी गप्प होणं ही शिरगावात सांगण्यासारखी गोष्ट. मग म्हणाल्या, "2023 साली सरकारने पापलेटाला राज्य मासा केलं. सातपाटीचं पापलेट, मान मोठा, समजू शकते. पण आख्खा पावसाळा घर चालवतो तो बोंबील. त्याला कोण विचारतं?"

माझंही मत काकींच्या बाजूने आहे. एक जूनपासून मासेमारी बंद झाली की आपल्या ताटात जे काही समुद्राचं येतं ते वलांडीवरून आलेलं असतं. त्याचं तिकीट कुणी लावलं नाही म्हणून ते बघण्यासारखं नाही, असं थोडंच आहे?

बाकी दिवसाचं वर्णन वहिनींनी भराभर उरकलं. डोंगरावर दोरीने ओढणारी गाडी आहे, 1918 सालची. पोरी वर त्या गाडीने गेल्या आणि पैसे वाचवायला उतरताना चालत आल्या. किल्ल्यात राजा होकोनने बांधलेला दगडी हॉल आहे, 1261 साली मुलाच्या लग्नाला वापरला. सून डेन्मार्कची केली होती.

"लग्नाचा हॉल एवढा जुना?" काकी पुन्हा रंगात आल्या.

"आणि आपला किल्ला?" मी विचारलं. "मुंबईची माणसं आपल्या किल्ल्यातला फांद्या फुटलेला ताड बघायला गाड्या काढून येतात. तुमच्या लेकीने शेवटचा कधी पाहिला?"

"शाळेची सहल गेली होती तेव्हा," वहिनींनी प्रामाणिकपणे सांगितलं.

गुरुजी सायकल थांबवून ऐकत होते, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. डेन्मार्कच्या सुनेवरून त्यांनी भर घातली. "पूर्वी नॉर्वे डेन्मार्कच्या राजाकडे होतं, 1814 पर्यंत. आणि त्याच राजाच्या ताब्यात बंगालमधलं श्रीरामपूर होतं. तिथेच विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 साली छापलं गेलं." एवढं सांगून गुरुजी निघून गेले. गुरुजींचं असंच असतं. उत्तर देतात, प्रश्न आपण शोधायचा.

पण वईला खरी आग लावली ती पुढच्या बातमीने. पोरी उद्यापासून तंबूत राहणार. कुणाच्या जागेत? कुणाच्याही! नॉर्वेत 1957 चा कायदाच आहे. पीक नसलेल्या मोकळ्या रानात, माणसाच्या घरापासून 150 मीटर लांब, दोन रात्री तंबू ठोका, मालकाला विचारायची गरज नाही.

"मालकाला विचारायचं नाही?" काकींनी वईच्या खुंटाकडे बघितलं. मग वहिनींकडे. या खुंटाची कहाणी शिरगावात सगळ्यांना ठाऊक आहे. वीतभर सरकला की नाही यावरून दोन घरांत मोजणी झाली होती आणि एक गणपती अबोल्यात गेला होता. मी विषय पावसाकडे वळवला.

पाऊस तिकडे वर्षातले दोनशेच्या वर दिवस. आपल्यासारखा चार महिन्यांत मोकळा होत नाही. चौघींनी छत्र्या नेल्या होत्या, समुद्राच्या वाऱ्याने त्या दुपारपर्यंत उलट्या झाल्या.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी तिकडे निघणार असेल तर नीट ऐका. छत्री देऊ नका, टोपीवाला चांगला रेनकोट द्या. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका. विमा 30,000 युरोचा लागतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे. आणि जवळ्याची चटणी दिलीत, तर ती बॅगेत गेली की फडताळात, हे रिक्षा सुटायच्या आधी बघून घ्या.