दांडकं आहे, दांडी नाही

चेन्नईत पाय घसरून पडायची सर्वांत धोक्याची जागा कोणती? नोव्हेंबरच्या पावसातला फुटपाथ म्हणाल, तर तुम्ही तमिळ वर्तमानपत्रं वाचत नाही. ती जागा म्हणजे पोलीस ठाण्याचं बाथरूम.

तिथे पडल्यावर हाताला जे बांधतात, त्यासाठी तमिळमध्ये छान घरगुती शब्द आहे, ‘मावुक्कट्टु’. मावु म्हणजे पीठ, कट्टु म्हणजे बांधलेली पट्टी. आपण ज्याला प्लास्टर म्हणतो तेच. बातमीतला फोटोही ठरलेला असतो. आरोपीचा हात गळ्यात, हाताला पांढरंशुभ्र मावुक्कट्टु, चेहऱ्यावर पश्चात्ताप. खाली खुलासा : बाथरूममध्ये घसरून पडला. त्याच बाथरूममध्ये हवालदार जातात, फौजदार जातात, कधीमधी साहेबही जात असतील. त्यांच्यापैकी कुणी घसरल्याची बातमी माझ्या वाचनात नाही. फरशीला बहुधा गणवेश ओळखू येतो. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयालाही हे कुतूहल आवरलं नाही. ठाण्याची बाथरूमं फक्त आरोपींनाच पाडतात का, असं न्यायमूर्तींनी विचारलं.

आता माझ्याकडे एक उपाय आहे. तो मी शोधलेला नाही, सरकारच्याच कपाटात पडलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या जोडीला केंद्राची २०२१ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत सांगितलंय की सार्वजनिक इमारतीतल्या सुगम स्वच्छतागृहाची फरशी न घसरणारी असावी आणि भिंतीला धरायला दांडी असावी. पोलीस ठाणं ही सार्वजनिक इमारत आहे. (काहींना ती खासगी वाटते, तो भाग वेगळा.) म्हणजे कायदा पाळला तर ठाण्यात घसरणंच अशक्य! मग मावुक्कट्टुचं काय कारण सांगायचं, ही खात्याची अडचण मी समजू शकतो. दांडकी भरपूर आहेत, दांडी कशी बसवणार?

जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने पाच वर्षं दिली होती, नियम निघाल्यापासून. नियम निघाले जून २०१७ मध्ये. जून २०२२ ला मुदत संपली. ती संपल्याचं दुःख कुणी केल्याचं ऐकिवात नाही. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा सुगम्यतेचा नियमच रद्द ठरवला, कारण कायदा म्हणत होता ‘करायलाच हवं’ आणि नियमाचा सूर होता ‘जमलं तर बघा’. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असं न्यायालयाने बजावलं.

चेन्नईला रॅम्प बांधता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. याच शहराने नोव्हेंबर २०२२ मध्ये मरीना किनाऱ्यावर, भुसभुशीत वाळूवरून थेट पाण्यापाशी जाणारा लाकडी रॅम्प बांधला. चाकाच्या खुर्चीतली माणसं आयुष्यात पहिल्यांदा लाटेपर्यंत गेली. पंधरा दिवसांत मांडूस चक्रीवादळाने त्याची मोडतोड केली, तो पुन्हा दुरुस्त झाला. समुद्राच्या तोंडात रॅम्प बांधून, वादळात गमावून, परत उभा करणाऱ्या शहराला ठाण्याच्या दोन पायऱ्या अवघड जाव्यात?

त्या दोन पायऱ्या मी पाहिल्या आहेत. माझी मावशी चाळीस वर्षं चेन्नईत आहे आणि गेली सहा वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे. तिचा मोबाइल हरवला म्हणून आम्ही तक्रार द्यायला गेलो. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही, तिला अजून तिथेच राहायचंय. पायऱ्यांपाशी खुर्ची थांबली. आतून एक हवालदार आला, मोठा सज्जन माणूस. म्हणाला, “अम्मा, काळजी करू नका. आम्ही चौघं मिळून उचलतो.” मावशी मराठीत माझ्या कानाशी पुटपुटली, “यांना सवय असेल रे, पण मी काही गुन्हा केलेला नाही.” गंमत म्हणजे पोलिसांनी माणूस ‘उचलणं’ तमिळमध्येही याच अर्थाने म्हणतात. दोन भाषांचं एवढं एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर नसेल. शेवटी तक्रार पायरीखाली, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहिली गेली. ‘तक्रारदार समक्ष हजर’ असा शेरा पडला.

खरं तर पोलिसांवर कायद्याने पुष्कळ विश्वास टाकलाय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे दिव्यांग साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचंच नाही, जबाब घ्यायला पोलिसांनीच त्याच्या घरी जायचं. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली, तर तिला संरक्षण मागायचा आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, हे पोलिसांनी स्वतःहून सांगायचं, असं २०१६ च्या कायद्याचं कलम ७ म्हणतं. तुम्हाला कोणता हक्क आहे हे पोलीस स्वतःहून सांगताहेत! कायदा लिहिणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीला दाद द्यायला हवी.

हे झालं ठाण्याचं. ठाण्यातून वाट जाते तुरुंगाकडे. चेन्नईचा तुरुंग पूर्वी सेंट्रल स्टेशनजवळ होता, २००६ मध्ये तो पुळलला गेला. पण ज्या खटल्याने तमिळनाडूच्या साऱ्या तुरुंगांना जाग आणायचा प्रयत्न केला तो कोइम्बतूरच्या तुरुंगातून निघाला. एक वकील, स्नायू झिजवणाऱ्या आजाराने ग्रासलेले. त्यांना २०२० मध्ये अटक होऊन तिथे ठेवलं गेलं. बाहेर आल्यावर त्यांनी तक्रार केली : शौचालय वापरण्याजोगं नाही, उपचार नाहीत, आजाराला लागणारा प्रथिनांचा आहार नाही. चेन्नईतल्या राज्य मानवी हक्क आयोगाने एक लाख रुपये भरपाई दिली, मद्रास उच्च न्यायालयाने ती पाच लाखांवर नेली. प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १५ जुलै २०२५ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी निकाल दिला.

निकाल मोठा वाचनीय आहे. भरपाई पाच लाखांवरच राहिली. अंडी, चिकन, सुकामेवा रोज मिळाला नाही म्हणून मूलभूत हक्क मोडला असं होत नाही, आवडीचं किंवा महागडं खाणं हक्काने मागता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. तुरुंगात सोयी नाहीत हे खरं, पण त्याचा ठपका थेट तुरुंगाच्या अधिकाऱ्यांवर ठेवता येत नाही, असंही म्हणालं. थोडक्यात, ठाण्यात माणूस आपोआप घसरतो आणि तुरुंगात सोय आपोआप नसते.

पण पुढे त्याच निकालाने तमिळनाडू सरकारपुढे लांबलचक यादी ठेवली. कैदी आत येताच त्याला काही अपंगत्व आहे का ते विचारा आणि लिहून ठेवा. तुरुंगाचे नियम त्याला समजतील अशा रूपात द्या. रॅम्प, शौचालयं, फिजिओथेरपीला जागा. सहा महिन्यांत सगळ्या तुरुंगांची तपासणी. डिसेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात हेच निर्देश देशभर लागू झाले.

यातलं पहिलंच कलम मला सर्वांत आवडलं. ‘विचारा आणि लिहून ठेवा.’ आपल्या देशात कैद्याची मोजदाद कमी होते का? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या तुरुंगांच्या वार्षिक अहवालात कैद्याचा धर्म आहे, जात आहे, शिक्षण आहे, वय आहे. कैद्यांनी किती रुपयांचा माल बनवला तेही आहे. चाकाच्या खुर्चीतले किती, न दिसणारे किती, न ऐकू येणारे किती, याचा रकाना नाही, ही उणीव न्यायालयाला दाखवून द्यावी लागली. जो कागदावर नाही त्याला दांडी कशाला? गणित बरोबर आहे.

नावाच्या बाबतीत मात्र आपण दिलदार. तमिळनाडूने २०१० मध्ये करुणानिधींच्या काळात जुना बोचरा शब्द टाकून ‘माट्रुत्तिरनाळिगळ’ आणला, वेगळी क्षमता असलेले. पुढे दिल्लीने ‘दिव्यांग’ दिला. शब्द फुकट पडतो, सिमेंटला टेंडर लागतं.

हे वाचताना पुण्या-मुंबईचे वाचक ‘काय हे मद्रासी’ म्हणून हसत असतील, तर त्यांनी थोडं जपून हसावं. कोइम्बतूरच्या वकिलांना मागूनही अंडी मिळाली नाहीत. आपल्या नागपूरच्या तुरुंगात, माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून ठेवलेल्या दिल्लीच्या प्रा. साईबाबांना न मागता अख्खी अंडा सेल (एकांताची कोठडी) मिळाली. नव्वद टक्के अपंगत्व, चाकाची खुर्ची. १४ ऑक्टोबर २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून त्या सुटकेला स्थगिती दिली. न्यायदेवता सुटीच्या दिवशीही काम करते, हे त्या दिवशी कळलं. ५ मार्च २०२४ ला ते पुन्हा निर्दोष ठरले आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबादला वारले.

तिरुचिरापल्ली जिल्ह्यात जन्मलेले, एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले फादर स्टॅन स्वामी तर तमिळनाडूने आपल्याला पाठवलेले पाहुणेच. वय ८३, पार्किन्सनने हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तळोजा तुरुंगातून त्यांनी न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. राष्ट्रीय तपास संस्थेने उत्तराला वीस दिवस घेतले. उत्तर आलं : आम्ही त्यांचा सिपर घेतलेलाच नाही. वीस दिवसांत संस्थेने काय काय तपासलं असेल! ५ जुलै २०२१ ला, जामिनाची वाट पाहत, वांद्र्याच्या रुग्णालयात ते गेले.

तुरुंगांची ही तऱ्हा फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत पेन्सिल्वेनियाच्या तुरुंग खात्याने, अपंगांच्या हक्कांचा कायदा आम्हाला लागूच नाही, असं थेट सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. १९९८ मध्ये न्यायालयाने एकमताने ते फेटाळलं. आपल्याकडे इतका उद्धटपणा कुणी करत नाही. २००७ मध्ये अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार सहीसाठी खुला झाला, आपण लगेच सही केली. कायदा लागू आहे का? आहे. तुरुंगाला? आहे. ठाण्याला? अर्थातच, साहेब. सगळं मान्य, फक्त प्लंबर मिळत नाही.

म्हणून वाचकांना एक काम देतो. तुम्ही चेन्नईत असा की चिंचवडला, माहिती अधिकाराचा एक अर्ज करा, फी दहा रुपये. जवळच्या ठाण्याला विचारा : कोठडीतल्या बाथरूमला धरायला दांडी आहे काय? नसल्यास, तिथे आजवर किती जण घसरले? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.