घाटातून घटनापीठाकडे

मुलांना कोर्ट शिकवायचं, तर आधी सिनेमानं शिकवलेलं पुसून काढावं लागतं. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतल्या एका सोसायटीतले वकीलकाका दर एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्या की, पार्किंगमध्ये खुर्ची टाकून हे काम फुकट करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काका, जजचा हातोडा लाकडी असतो की लोखंडी?’ आपल्याकडच्या न्यायाधीशांसमोर हातोडाच नसतो म्हटल्यावर निम्मा वर्ग सायकलींकडे बघू लागतो. फार गोंगाट झाला तर साहेब चष्म्यावरून एकदा बघतात आणि तेवढ्यानं काम भागतं, असं काका सांगतात. पण चष्म्याला हातोड्याची सर कुठून येणार?

शपथेचंही तेच. गीतेवर हात ठेवणं वगैरे पडद्यावर. खरी शपथ १९६९च्या शपथ कायद्याप्रमाणे, तोंडी. त्याच कायद्यात १२ वर्षांखालच्या साक्षीदारासाठी एक सवलत आहे. खरं बोलावं हे त्याला कळतं, पण शपथ ही काय भानगड आहे ते कळत नाही, असं न्यायाधीशांना वाटलं तर शपथेशिवाय त्याची साक्ष घेता येते. हे ऐकून पाचवीतल्या एकाचे डोळे चमकले. ‘म्हणजे आम्ही खोटं बोललं तर चालतं?’ चालत नाही. शपथ सुटते, खरं बोलणं सुटत नाही. कायद्यानं तेही लिहून ठेवलंय. कायदा करणाऱ्यांच्या घरीही पाचवीतली मुलं असणार.

मग येतात पायऱ्या. पिंपरीचं कोर्ट आधी मोरवाडीत होतं, आता नेहरूनगरला आहे. चाकणची गंमत वेगळी. तिथलं पोलीस ठाणं २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात, तालुका मात्र खेड, म्हणून कोर्ट राजगुरुनगरला. त्यामुळे पकडणारे दक्षिणेकडचे आणि तारीख उत्तरेकडची. या खालच्या कोर्टांवर जिल्हा व सत्र न्यायालय. सत्र न्यायाधीश फाशी सुनावू शकतात, पण उच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

अपील समजावताना काकांनी एकदा घरचं उदाहरण दिलं : आईनं नाही म्हटलं की बाबांकडे, बाबांनी नाही म्हटलं की आजीकडे. ते साफ फसलं. ‘आजी नेहमी हो म्हणते. मग सगळे थेट आजीकडेच का जात नाहीत?’ उच्च न्यायालयातल्या अपिलांचा निकाल आजीच्या पद्धतीनं लागत नाही, हे पटवण्यात अर्धी संध्याकाळ गेली.

उच्च न्यायालय कुठं आहे, यावर तर भांडणच झालं. मुंबईला, असं काका म्हणाले. ‘नाही, संभाजीनगरला,’ लातूरची मुलगी म्हणाली. तिच्या काकांची जमिनीची केस तिथं आहे. ‘नागपूरला!’ हा बुलढाणा. सोलापूरवाल्यानं कोल्हापूरचं नाव घेतलं. पोटापाण्यासाठी अख्खा महाराष्ट्र जिथं उतरला आहे, त्या पट्ट्यात हे व्हायचंच. आणि चौघंही बरोबर होते. १८६२ साली सुरू झालेलं मुंबई उच्च न्यायालय एकच. त्याची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरीला. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासूनचं. त्यात सहा जिल्हे आले. पुणे जिल्हा आला नाही. आपण अजूनही घाट उतरून मुंबईला.

घाट म्हटल्यावर मोशीचा एकजण ताठ बसला, कारण त्याचा घाट निराळा, बैलगाडे पळवतात तो. तिथं आजोबांची बैलगाडा शर्यतीची बारी असते. काकांना इथं खरं पाठ्यपुस्तक सापडलं.

जुलै २०११ मध्ये केंद्रानं बैलाला खेळ करवून घेण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंदी कायम ठेवली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही तेच केलं. मग २०१७ मध्ये राज्यानं कायदाच बदलून शर्यतींना वाट करून दिली, तर त्याच वर्षी उच्च न्यायालयानं परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं एकमतानं महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटकचे असे कायदे वैध ठरवले. एवढ्या काळात वासराचा बैल झाला आणि बैल म्हातारा.

‘पण हे राजगुरुनगरच्या कोर्टात का नाही गेलं? ते जवळ आहे ना,’ मोशीकरानं विचारलं. प्रश्न वकिलीला शोभणारा होता. परवानगी नसताना कुणी गाडा पळवला, तर तो खटला खालच्या कोर्टात चालतो. पण सरकारनं केलेला कायदाच घटनेत बसतो का, हे ठरवून तो रद्द करण्याचा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयालाच. म्हणून ती लढाई थेट वरून सुरू झाली.

‘बरं, २०१७ चाच कायदा होता, तर २०२१ मध्ये बदललं काय?’ लातूरवालीनं पकडलं. काका पाणी प्यायले. तमिळनाडू आणि कर्नाटकात तशाच कायद्याखाली खेळ चालू होते. घटनापीठाचा निर्णय होईपर्यंत महाराष्ट्राला वेगळा न्याय नको, असं न्यायालयाचं म्हणणं. हे मात्र एका फटक्यात सगळ्यांना कळलं. त्यांना मिळालं, मग आम्हाला का नाही, हा युक्तिवाद ही मंडळी घरी रोज करतात. सर्वोच्च न्यायालयातही तो चालतो म्हटल्यावर त्यांची मान उंचावली. अर्थात बैलांच्या छळाविरुद्धच्या अटी कायद्यात आहेत म्हणून तो टिकला, हे काकांनी लगेच जोडलं. तेवढ्यात कुणाच्या तरी आईनं जेवायला हाक मारली. अटींच्या भागाची उजळणी आजोबांनी घाटावर करून घ्यावी.

कोर्ट मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर मे महिना टाळा. मे महिन्यात कोर्टालाही सुट्टी असते. (हे कळल्यापासून मुलांना न्यायव्यवस्था जवळची वाटू लागली आहे.) एप्रिलमध्ये जा. सकाळी अकराच्या सुमारास शिपाई दारात येऊन नावांचा पुकारा करतो, तो ऐकण्यासारखा असतो. सुनावणी खुली असते. जागा असेल तर मागच्या बाकावर कुणालाही बसता येतं, न्यायाधीशांनी बाहेर जा म्हटलं तर मात्र मुकाट्यानं निघायचं. मोबाइल बंद ठेवा आणि वडापाव बाहेरच खाऊन घ्या.