ब्लॉग-स्थलांतराचे विधिनिषेध

ब्लॉग हलवण्याचा अधिकार कोणाला? ज्याने गेल्या वर्षभरात त्यावर एक ओळही लिहिलेली नाही, त्यालाच. नियमित लिहिणाऱ्याला या भानगडीसाठी वेळ नसतो. म्हणून आधी आपल्या शेवटच्या नोंदीची तारीख बघावी. तिथे ‘बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आता मात्र नियमित लिहीन’ असं वाक्य सापडलं तर तुम्ही पात्र आहात. तेच वाक्य निरनिराळ्या तीन-चार वर्षांत सापडलं, तर मुहूर्त बघायचंही कारण नाही.

स्थलांतर दोन प्रकारचं, सक्तीचं आणि हौसेचं. सक्तीच्या प्रकारात डोकं चालवावं लागत नाही. याहूने २००९ साली जिओसिटीज बंद केलं, मायक्रोसॉफ्टने २०१० साली आपल्या ‘स्पेसेस’वरच्या मंडळींना वर्डप्रेस डॉट कॉमचा रस्ता दाखवला आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी टाइपपॅडनेही शटर ओढलं. अशा वेळी माणूस मुकाट्याने गाशा गुंडाळतो. आपला विषय हौसेचा आहे, आणि त्यातही ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर जाण्याचा.

गूगलने ब्लॉगर विकत घेतलं फेब्रुवारी २००३ मध्ये; वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली त्याच वर्षी २७ मे रोजी. म्हणजे ‘इथेच राहावं की तिकडे जावं’ हा प्रश्न दोन दशकांहून जुना आहे. त्यावर अनेकांनी तुलनात्मक तक्त्यांसह सविस्तर लिहिलं आहे. त्या अनेकांचं त्यानंतरचं लेखन उपलब्ध नाही.

विधीला सुरुवात बॅकअपने करावी. सेटिंग्जमधून मागितला की सगळं लेखन एका फायलीत उतरतं. ती फाईल बहुधा मोबाइलवर काढलेल्या एखाद्या फोटोपेक्षाही लहान निघते. उमेदीची दहा-बारा वर्षं एवढ्यातच मावली का, असं म्हणून खचू नये. आकडा बघून न बघितल्यासारखं करावं आणि पुढे जावं.

पहिला आणि सर्वात कडक निषेध: ही फाईल चढवल्यावर जुन्या नोंदी उघडून वाचू नयेत. हा निषेध आजवर कोणी पाळलेला नाही. ब्लॉगला उभ्या आयुष्यात अथपासून इतिपर्यंत वाचणारा एकच वाचक लाभतो, तो याच रात्री, आणि तो तुम्हीच असता. त्याला सापडतात त्या वस्तू ठरलेल्या आहेत: जूनमधल्या पावसावरच्या कविता, ज्यांत दर ओळीअखेर टिंबं आहेत, पुण्यातल्या मिसळींचं निर्णायक मूल्यमापन, आणि ऑगस्ट २०११ मध्ये रामलीला मैदानाकडे पाहून ‘आता हा देश पूर्वीसारखा राहणार नाही’ असं छातीठोकपणे केलेलं भाकीत. शुद्धलेखन सुधारायला हरकत नाही. मतं सुधारू नयेत. एकदा तिथे हात घातला की सकाळ होते. मसुद्यांच्या यादीत नुसतीच शीर्षकं असलेल्या नोंदी दिसतील. ‘सविस्तर लिहायचंय’ एवढंच ज्यांच्या पोटात आहे, त्याही आदरपूर्वक सोबत न्याव्यात.

आता पत्त्याचा प्रश्न. हा नीट समजून घ्यावा, कारण मराठी माणसाची खरी कसोटी इथे लागते. ब्लॉगर पत्ता बनवताना शीर्षकातली फक्त रोमन अक्षरं आणि आकडे ठेवतो. शीर्षक देवनागरीत असेल तर हाती काहीच उरत नाही; मग तो ‘ब्लॉग-पोस्ट’ असं बारसं करून मोकळा होतो, आणि त्याच महिन्यात दुसरी नोंद आली की तिच्या शेपटाला एक आकडा लावतो. आजीच्या निधनावरचा लेख आणि गॅस सिलिंडरच्या तक्रारीवरचा लेख, दोन्ही कागदोपत्री ‘ब्लॉग-पोस्ट’च.

वर्डप्रेस देवनागरीचा मान राखतो, जरा जास्तच राखतो. पत्त्यातल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाचे, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचेही, तो नऊ-नऊ रोमन वर्ण करतो. ‘मुंबई’ या सुटसुटीत शब्दाचे पंचेचाळीस होतात. हा पत्ता फोनवर सांगण्याची वेळ आलीच तर ‘टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार, टक्का, ए, ई’ इथे फक्त म संपतो. पलीकडे मावशी असेल तर तोवर तिने चहा टाकलेला असतो. शिवाय या सगळ्याला दोनशे वर्णांची मर्यादा आहे. ‘पावसाळ्यातल्या ताम्हिणी घाटात भिजलेली एक संध्याकाळ’ असं शीर्षक देऊन बघावं. हिशेब केला तर पत्ता ‘ताम्हिणी’वर संपतो, घाट लागतच नाही. उपाय साधा आहे: पत्ता हाताने, रोमन लिपीत, छोटा लिहावा. पण मराठीच्या अभिमानापोटी ब्लॉग काढलेल्या माणसाला हा उपाय सुचवताना आवाज खाली ठेवावा.

शोधखिडकीवर विसंबू नये. ‘दुसऱ्या’ हा शब्द तुम्ही आज फोनवर टाइप करता तेव्हा त्यातला र वेगळा असतो आणि २००७ साली ‘बरहा’ या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केला तेव्हाचा वेगळा. तेव्हा तो र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून बनायचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र दोन्ही परके. त्यामुळे ‘दुसऱ्या’ शोधल्यावर जुना लेख सापडला नाही, तर तो हरवला असं समजून लगेच पुन्हा लिहायला बसू नये. (बसलात तर स्थलांतर सत्कारणी लागलं.)

थीम निवडताना नमुन्याच्या मजकुराला भुलू नये. तो लॅटिनमध्ये असतो आणि लॅटिनला वेलांटी नसते. अक्षरांत मोकळी जागा सोडणारी देखणी थीम लावली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. दोन ओळी जवळ आणणारी लावली की खालच्या ओळीतला रफार वरच्या ओळीतल्या उकारात अडकतो. थीमवर किती दिवस घालवावेत याचं बंधन शास्त्रात नाही.

स्वतःचं डोमेन असेल तर त्याच्या डीएनएस नोंदी बदलल्यावर दोनेक दिवस काहींना जुना ब्लॉग दिसतो, काहींना नवा. वाचक असल्यास.

डोमेन नसेल तर जुन्या पत्त्यावरून वाचकाला परस्पर बाहेरच्या ठिकाणी कायमचं पाठवण्याची सोय ब्लॉगर देत नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडायरेक्ट’ दिसतं खरं, पण ते त्याच ब्लॉगच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतं. तेव्हा टेम्प्लेटमध्ये एखादी स्क्रिप्ट डकवावी, किंवा ‘आम्ही स्थलांतर केलं आहे’ अशी शेवटची नोंद टाकून हात जोडावेत. या नोंदीखाली नवा पत्ता देताना ताम्हिणीचा अनुभव आठवावा.

जुना ब्लॉग मात्र पाडू नये. मजकूर नव्या जागी पोचला तरी लेखांमधले बरेचसे फोटो अजून गूगलच्याच सर्व्हरवरून येत असतात, आणि ते कळतं ते जुनं खातं बंद केल्यावर. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केलं आहे, म्हणून अधूनमधून तिथे लॉगिन करत जावं. गेल्यावर आपलं जुनं पान बघून बरं वाटेल, सगळं जिथल्या तिथे दिसेल. सेटिंग्जमध्ये ‘आयात’ असंही एक बटण दिसेल. त्याला वर्डप्रेसची फाईल चालत नाही.