तिसऱ्या पर्यायाचा धनादेश

तिसऱ्या पर्यायाचे नेते आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत, तेव्हा त्यांची ओळख करून देण्यात जागा घालवत नाही. ‘दोघंही एकाच माळेचे मणी’ हे त्यांचं पहिलं वाक्य आणि बहुधा शेवटचंही. सभेला ते उशिरा येतात, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, आणि लाट मतपेटीत दिसेल असं सांगून ते दुसऱ्या सभेला उशिरा पोचायला निघतात. इथवर सगळं रीतसर आहे. गडबड होते ती निकालानंतर, उमेदवारांचे खर्चाचे हिशोब दाखल होतात तेव्हा. माळेतल्या एका मण्याच्या हिशोबात, पैसे देणाऱ्यांच्या यादीत, तिसऱ्या पर्यायाच्या नेत्याचं नाव निघतं. पूर्ण नाव, पत्ता, धनादेशाचा क्रमांक, बँकेची शाखा. पलीकडच्या मतदारसंघातल्या दुसऱ्या मण्याच्या हिशोबातही तेच नाव, त्याच चेकबुकातला पुढचा क्रमांक. दोन्ही मणी सारखेच आहेत हे ते कधीपासून सांगत होते. रक्कमही सारखीच निघाली, म्हणजे निदान बोलण्यात आणि वागण्यात फरक नाही.

आता हा हिशोबाचा कागद जरा जवळून पाहू. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे प्रत्येक उमेदवाराला निकालानंतर 30 दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्च सादर करावा लागतो. सबळ कारणाशिवाय चुकवला तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे एरवी कशाचाच हिशोब न देणारी माणसंही हा एक हिशोब वेळेवर देतात. त्यात पैसा आला कुठून याच्या वेगळ्या अनुसूची असतात. सातवीत स्वतःचे पैसे, आठवीत पक्षाने दिलेले आणि नववीत इतर कोणीही दिलेले. आपला नेता नवव्या अनुसूचीत बसतो. तिथे नाव, तारीख, रोख की धनादेश हे झालं की एक रकाना येतो: ही रक्कम कर्ज आहे, भेट आहे, की देणगी? शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना आहे, पण तिथे लिहिण्यासारखं ज्याला सुचतं त्याला लिहिण्याची सोय नसते.

कर्ज म्हणावं, तर सावकाराला काळजी ऋणकोच्या भरभराटीची. ऋणको बुडाला की कर्ज बुडालं. मग ज्यांना घरी बसवा म्हणून संध्याकाळी चौकात घसा कोरडा करायचा, ते घरी बसू नयेत म्हणून रात्री देव पाण्यात ठेवायचे, अशी ओढाताण होणार. देणगी म्हणावं, तर देणगी कार्याला देतात. हे कार्य महाराष्ट्राच्या मुळावर उठलेलं आहे असं दात्याचंच जाहीर मत आहे आणि त्याच्या पत्रकांवर ते छापलेलंही आहे. शिवाय देणगी पक्षाला धनादेशाने दिली असती तर प्राप्तिकरात वजावट मागता आली असती. ती सवलत पक्षाला किंवा निवडणूक न्यासाला दिलेल्या रकमेसाठी आहे, उमेदवाराच्या हातात ठेवलेल्या रकमेवर एक पैसाही सुटत नाही. एरवी हॉटेलचं बिलसुद्धा कार्यालयीन खर्चात घालणारा माणूस करसवलत सोडून पैसे देतो, तेव्हा त्यामागे एक तर निखळ प्रेम असतं, नाही तर करसवलतीहून मोठं काही तरी. उरली भेट. आणि भेट म्हटलं की सगळं लख्ख होतं, कारण आपल्याकडे तिची लिखापढी शेकडो वर्षांची आहे. तिला आहेर म्हणतात. मांडवाच्या दाराशी टेबल टाकून घरातले एक चष्मेवाले काका वही घेऊन बसतात, पाकीट फोडून नाव, गाव, रक्कम लिहितात. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असलं तरी काका बसतातच. कार्य उरकल्यावर मांडव सुटतो, आचारी जातो, हार वाळतात; ती वही मात्र कपाटात जपून राहते. पुढे समोरच्या घरी लग्न निघालं की आधी ती वही काढायची, त्यांच्याकडून 101 आले होते का 501 ते बघायचं आणि तेवढंच पाकिटात घालायचं. कमी घातलं तर बोलणं, जास्त घातलं तर उगीच पायंडा. नवव्या अनुसूचीतली नोंद ही अशी वहीतली नोंद आहे. आज यांच्या घरी कार्य आहे, उद्या आपल्याकडे निघेल. आपल्याकडे म्हणजे महामंडळाचं अध्यक्षपद, परिषदेची जागा, चिरंजीवांच्या संस्थेला वाढीव तुकडी, बंधूंच्या क्रशरला परवानगी, झालंच तर एखादी चौकशी सावकाश चालणं. कोणत्या घरी मुहूर्त आधी लागेल ते सांगता येत नाही, म्हणून दोन्ही घरी आहेर. याला राजकारण म्हणणं चूक आहे. हा शेजारधर्म आहे, फक्त तो मतदाराच्या घराला वगळून पाळला जातो.

यावर नेत्याच्या निकटवर्तीयांकडून (नेता पडला तरी निकटवर्तीय उभेच असतात) जी उत्तरं येतात ती ऐकून घेतली पाहिजेत. पहिलं: पैसा स्वतःचा आहे, पक्षाचा नाही. मान्य. स्वतःच्या पैशाने कोणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण मग लोकांकडे हात पसरताना ‘आमच्याकडे पैसा नाही, आमच्याकडे फक्त माणसं आहेत’ हे वाक्य सोडून द्यावं. दुसरं: व्यवहार धनादेशाने झाला, लपवलेलं काही नाही. हेही खरं, पण त्यात नेत्याचं कर्तृत्व किती? उमेदवाराने एकाकडून 10,000 रुपयांच्या वर रोख घ्यायची नाही, अशी सूचनाच आहे. तेव्हा रक्कम त्याच्या वरची असली की धनादेश हा सचोटीचा पुरावा राहत नाही, तो फक्त आकड्याचा पुरावा होतो. तिसरं: उद्योगपती नाहीत का दोन्ही बाजूंना देत? देतात, आणि ते देतात तेव्हा कोणाला नवल वाटत नाही, कारण उद्योगपती दोन्ही बाजूंविरुद्ध मत मागत गल्लोगल्ली फिरत नाही. त्याचा धंदा माल विकण्याचा आहे. याचा धंदा दोन्ही दुकानांत भेसळ आहे हे सांगण्याचा, आणि दोन्ही दुकानांत याची भागीदारी.

चौथं उत्तर मात्र वजनदार आहे आणि ते हसण्यावारी नेता येत नाही. दोघांतला एक कमी वाईट असतो, लहान पक्षाला स्वतः जिंकता येत नसेल तर जास्त वाईट माणूस तरी येऊ नये एवढं त्याने बघावं, आणि पदरमोड करून ते बघत असेल तर तो शहाणपणा झाला. हा युक्तिवाद मला पटतो. पटतो म्हणूनच त्याचा पुढचा भाग मागावासा वाटतो. कमी वाईट कोण हे ठरलं असेल, तर त्या मतदारसंघात आपला उमेदवार उभा का केला? अर्ज मागे घ्यायला मुदत असते; ती संपेपर्यंत माघार घेता येते, पाठिंबा जाहीर करता येतो, मतदारांना कारण सांगता येतं. तसं काही न करता यंत्रावर आपलं चिन्ह ठेवायचं, ‘दोघांनाही हरवा’ म्हणून कार्यकर्ते दारोदार पाठवायचे आणि दोघांपैकी एकाच्या खात्यात रक्कम भरायची, याला कमी वाईटाची निवड म्हणत नाहीत. मग शंका येते की आपला उमेदवार उभा करणं हीसुद्धा मदतच होती, दुसऱ्याची मतं खाऊन केलेली. म्हणजे धनादेश हा मुख्य आहेर नव्हताच. मुख्य आहेर तो उमेदवार होता.

आणि इथे मला हसू येणं बंद होतं. कारण त्या उमेदवाराची अनामत कोणी भरली ते आठवा. विधानसभेला खुल्या गटातल्या उमेदवाराला 10,000 रुपये भरावे लागतात. ते लोकवर्गणीतून जमवले जातात. बाजाराच्या दिवशी डबा फिरतो, भाजीवाली कमरेच्या पिशवीतून काढून टाकते, कॉलेजची पोरं चहा टाळून टाकतात, आणि ती चिल्लर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर ओतून फोटो काढतात. कारकून कपाळाला आठ्या घालून दहा-दहाच्या चळती लावत बसतो. वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत की ती चिल्लर सरकारजमा होते, आणि पडत नाहीतच. त्याच महिन्यात ज्याच्या विरोधात ही चिल्लर गोळा झाली त्याच्या खात्यात नेत्याचा धनादेश वटतो. त्या पोरांना कोणी सांगितलं होतं का, की तुम्ही ज्याला पाडायला उन्हातान्हात फिरताय त्याच्या गाडीत आपल्याच साहेबांनी डिझेल भरलंय? मतफुटीचा आळ पुन्हा यांच्यावरच, ‘मतं खाणारे’ ही शिवी यांनाच, आणि पुढच्या निवडणुकीला डबा घेऊन बाजारात उभं राहायचं तेही यांनीच. भ्रष्टाचारावर रोज लिहिलं जातं, पण ज्यांनी तो संपवायला म्हणून घरून भाकरी बांधून नेली त्यांच्या अशा फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम नाही.

कलमांचीही एक गंमतच आहे. पैसे देऊन एखाद्याला निवडणुकीला उभं केलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे ती लाच. पैसे देऊन बसवलं तरी लाच. पण जो आपल्या पायांनी उभा आहे, आपल्याच उमेदवाराविरुद्ध उभा आहे, त्याला निवडून यायला पैसे दिले तर नवव्या अनुसूचीत सुस्वागतम. पक्षांतरबंदी 1985 पासून आहे, परंतु सभागृहात हात कोणाच्या बाजूने वर गेला ते ती बघते. तोच हात धनादेशावर सही करायला खाली गेला तर तिची हरकत नसते. उमेदवारी अर्जाबरोबरच्या शपथपत्रात बायकोचं सोनं, वडिलोपार्जित विहीर, थकलेलं वीजबिल, दाखल गुन्हे असं सगळं लिहून घेतात. त्यात फक्त एक ओळ वाढवावी, ‘प्रतिस्पर्धी पक्षांच्या उमेदवारांस दिलेल्या रकमा’. शपथपत्रात रकाना कोरा सोडता येत नाही, काही नसेल तर तसं लिहावं लागतं, म्हणजे निदान ‘निरंक’ लिहिताना पेन क्षणभर अडखळेल.

ती ओळ वाढणार नाही, कारण ती वाढवायची ज्यांनी, त्यांच्याच वह्यांत हे आहेर आहेत. तोवर एक सोय मात्र आहे. दाखल झालेला खर्चाचा हिशोब कोणालाही बघता येतो, मग तो उमेदवार असो वा नसो. 1961 च्या निवडणूक नियमांत त्याची फी ठरवून दिलेली आहे, एक रुपया. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत जाऊन सरळ नववी अनुसूची मागावी. रुपया सुट्टा न्यावा, तिथे मोड मिळत नाही.