हॅमचा ठिपका कसा शोधावा : नवशिक्यांसाठी पाठ

साहित्य : एक मोबाइल, बरं इंटरनेट आणि "हे काय चाललंय?" या प्रश्नाला घरी देता येईल असं एखादं उत्तर. रेडिओ लागत नाही. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले; ते कुठे आहेत ते रेडिओशिवाय बघता येणं ही ऑनलाइन नकाशांची गंमत, आणि जुन्या हॅम मंडळींच्या मते हाच त्यांचा अधःपात.

पायरी पहिली. एपीआरएस डॉट एफआय ही साइट उघडा. ती चालवतो फिनलंडमधला एक हॅम, पण एपीआरएस ही मूळ पद्धत अमेरिकेतल्या बॉब ब्रुनिंगा यांची. रेडिओ जीपीएसकडून आपलं ठिकाण घेतो, चिमुकल्या पाकिटात भरून हवेत सोडतो. कुणाचं तरी आयगेट ते झेलतं आणि इंटरनेटवर टाकतं. कॉलसाइनपुढे (म्हणजे हॅमच्या हवेतल्या नावापुढे) उणे ९ असेल तर बहुधा गाडी, उणे ७ असेल तर हातातला सेट. आता नकाशा सरकवत छत्रपती संभाजीनगरवर आणा. फारसं काही दिसत नाही? म्हणजे तुमचं बरोबर चाललंय.

नवशिका इथे हमखास नकाशा लहान करतो, पुण्या-मुंबईकडचे ठिपके बघतो आणि मराठवाड्यात हॅमच नाहीत असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. थांबा. कोण बोलतंय हे हा नकाशा सांगतच नाही. कुणाचं बोलणं कुणाच्या तरी आयगेटनं ऐकलं, एवढंच सांगतो. ही पाकिटं नेणाऱ्या दोन मीटर बँडच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात जातात. टप्प्यात आयगेट नसेल, तर दौलताबादच्या बारादरीवर उभं राहून दिवसभर पाकिटं सोडा, नकाशा ढिम्म. उलट काही ठिपके मोबाइल ॲपमधून थेट इंटरनेटनं आलेले असतात, त्यांनी हवा पाहिलेलीच नसते. आणि 'रिअल टाइम' हा शब्द जपून घ्या. एखादी गाडी तीन तास क्रांती चौकात दिसली तर ती कोंडीत अडकलेली नाही, शेवटची तिथे ऐकू आली होती. (अडकलेलीही असेल म्हणा.)

आयगेट नसलेल्या गावाला एक वरची वाट आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरची हॅम यंत्रणा पाकिटांसाठी चालू असेल, तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर सोडलेलं पाकीट ती परत खाली फेकते. स्थानक चारेकशे किलोमीटर उंचावर असल्यानं ते पाकीट हजार-दीड हजार किलोमीटरवरचं आयगेटही झेलू शकतं. फक्त आपल्या आकाशातून एक फेरी फार तर दहा मिनिटांची. तेवढ्यात चहा ठेवायला जाऊ नये.

पायरी दुसरी, ज्यांना रिकामा नकाशा सोसत नाही त्यांच्यासाठी : पीएसके रिपोर्टर ही साइट. इथे ठिपक्यांची जत्रा आहे. बहुतेक गर्दी एफटी८ची. ही पद्धत २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणली. यातले टेलर म्हणजे १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले. पंधरा सेकंद पाठवायचं, पंधरा सेकंद ऐकायचं, ऐकलेलं सगळं संगणक नकाशावर चढवतो. संध्याकाळी १४.०७४ मेगाहर्ट्झवर सिडकोतल्या गच्चीवरची तार इटलीत ऐकू जाते, आणि साठेक किलोमीटरवरच्या जालन्यात जात नाही. यंत्र बिघडलेलं नाही. या लहरी आयनांबराला लागून खूप दूर उतरतात, मधला पट्टा कोरडा राहतो. जालन्याला निरोप द्यायचा तर एसटी बरी.

पायरी तिसरी, चौकोन. हॅम लोक पृथ्वी चौकोनांत वाटून घेतात. छत्रपती संभाजीनगरचा एमके७९. यातच जालना, पैठण, शिर्डी आणि अहिल्यानगर. वीस अंशांचा अक्षांश दौलताबाद आणि वेरूळ यांच्या मधून जातो, त्यामुळे कैलास लेणं थेट एमएल७०मध्ये. घरच्यांना लेणी दाखवायला नेतो म्हणून निघालेला हॅम घाट चढताना दर मिनिटाला जीपीएसकडे का बघतो, हे आता कळलं असेल. शहराचं नाव बदललं तेव्हा क्यूएसएल कार्डावरचं (संपर्क झाल्याची पोचपावती) गाव बदलावं लागलं, चौकोन नाही.

सावधगिरी. स्वतःच्या गाडीत उणे ९ लावण्याआधी विचार करा. "ऑफिसातच आहे" म्हणून फोनवर सांगताना तुमचा ठिपका शहागंजात नान खलियाच्या दुकानापाशी उभा असेल, तर तो फिनलंडमध्येही दिसतो, आणि घरीही.

शेवटची पायरी फारसं कोणी करत नाही. नकाशा बघायला परवाना लागत नाही, पण त्यावर बघण्यासारखं काही यायचं तर कुणीतरी तो काढायला हवा. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्या. कॉलसाइनची सुरुवात रिस्ट्रिक्टेड श्रेणीला व्हीयू३, जनरलला व्हीयू२. मग पाण्याच्या टाकीशेजारी अँटेना उभारा, खाली रेडिओ आणि स्वस्तातला छोटा संगणक जोडा, आणि आयगेट चोवीस तास चालू ठेवा. परीक्षेला किमान वय बारा वर्षं. अभ्यासाचा कंटाळा असेल तर घरातल्या सातवीतल्या पोराला बसवा, तो तुमच्याआधी पास होईल.