चार फेऱ्यांचा माणूस

सरकारी कचेरीत मी ३३ वर्षं काढली. तिथे माझ्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, की हा माणूस कुठलंही काम एका फेरीत करत नाही. निवृत्तीनंतर कळलं, की मी मुळात सुतारच होतो. फक्त हाती फळीऐवजी फाइल आली.

निमित्त झालं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारांचं. जुन्या पद्धतीची, मधे उठावाचं पॅनेल असलेली सागवानी दारं मी स्वतः करीन, असं बोलून बसलो. मुलाने लगेच राउटर टेबल आणून दिलं. टेबलाखाली उलटं टांगलेलं मोटरचं धूड आणि वरच्या भोकातून डोकावणारं बिट. पॅनेलचं बिट तर चांगलं साडेतीन इंच व्यासाचं. यंत्रावर कमाल वेग लिहिला होता, मिनिटाला २२,००० फेरे. कारकुनी सवयीने मी आकडेमोड केली. बिटाची कड ताशी ३६८ किलोमीटरने पळणार! द्रुतगती मार्गावर मी ८०च्या पुढे गेलो की ही रामरक्षा सुरू करते. इथे ३६८, तेही बोटांपासून वीतभर अंतरावर.

ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. साठी उलटलेली आणि दहाही बोटं शाबूत. सुताराकडे याहून मोठं प्रमाणपत्र नसतं. त्यांनी आधी प्लग काढून बिट तपासलं, मग वेगाची चकती १०,०००वर आणली.

"येवढ्या मोठ्या बिटाला याच्या फुडं पळवायचं न्हाई, साहेब. आन् एका दमात सगळं लाकूड खायचं न्हाई. चार फेऱ्या घ्यायच्या. दर फेरीला बिट जरासं वर."

मला गहिवरून आलं. चार फेऱ्या! जन्मभर मी वरिष्ठांना दुसरं काय सांगत होतो?

पुढचे नियमही ओळखीचेच निघाले. फळी उजवीकडून डावीकडे, म्हणजे बिट फिरतं त्याच्या विरुद्ध सरकवायची. उलट दिशेने गेलात की बिट फळी हिसकावून घेतं आणि मागोमाग बोटं ओढतं. बिट आणि मागची आडपट्टी यांच्या बेचक्यात फळी कधीही घालायची नाही, नाहीतर ती गोळीसारखी सुटते. दोन साहेबांच्या मधे सापडलेल्या कारकुनाचंही असंच होतं, फक्त तो थेट बदलीच्या गावी जाऊन पडतो. फळी ढकलायला ठोकळा वापरायचा, बोटं लांब ठेवायची. मीही फाइल कधी स्वतःच्या हाताने पुढे नेली नाही, त्यासाठी शिपाई होता. आधी रेषांना आडव्या कडा घ्यायच्या, मग उभ्या. आडव्या कडेच्या टोकाला उडालेल्या कपच्या उभ्या फेरीत आपोआप निघून जातात. आधीची चूक पुढच्या टप्प्यात गुपचूप निकालात काढणं, यात तर माझा हात धरणारा कोणी नव्हता.

एका दुपारी मात्र बुद्धी फिरली. म्हटलं, शेवटच्या दोन फेऱ्या एकदमच उरकू. मोटर गुरगुरली, फळी थरथरत अडखळली, जळका वास सुटला आणि कडेवर काळा पट्टा उमटला. ३३ वर्षांत पहिल्यांदा दिरंगाई टाळली, तर ही शिक्षा!

नवी फळी घेऊन पुन्हा चार फेऱ्या केल्या. मग जोडणी. चौकटीच्या सांध्यांना फेविकॉल लावला, पॅनेलला थेंबभरही नाही. ते खोबणीत नुसतं बसतं, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर मोकळं. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं. त्याला जागा मिळाली नाही तर ते चौकटीचेच सांधे उघडतं.

जुलै आला. घरातली बाकीची दारं नेहमीप्रमाणे अडून बसली. न्हाणीघराचं तर खांदा लावल्याशिवाय हलेना. माझं दार मात्र करंगळीने लोटलं तरी टक् करून मिटत होतं. हिने ते तीनदा उघडलं, तीनदा लावलं.

"चला," ती म्हणाली, "तुमच्या हातून एक तरी प्रकरण बंद झालं."

उरलेली सात दारं विचाराधीन आहेत.