नेवासं गेलं, स्वल्पविराम राहिला

राहुरीच्या कृषी विद्यापीठातला संशोधक कांद्यावर वर्षानुवर्षं राबतो आणि शेवटी संदर्भसूचीत अडकतो. एका नियतकालिकाला आडनाव-साल हवं, दुसऱ्याला चौकोनी कंसात आकडे. तिकडून लेख परत आला, की सालं उचलून मागे न्यायची, पूर्णविरामांचे स्वल्पविराम करायचे. कांदा तोवर कोंब धरतो.

त्याच जिल्ह्यात, नेवाशात, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. साल, स्थळ, राजा, लेखनिक सच्चिदानंदबाबा, सगळी नोंद अखेरच्या ओव्यांतच आहे. पण संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळच काढून टाकलं. म्हणजे नेवासं बाद!

संपादकांनो, पहिल्या खेपेला कुठलीही एक पद्धत चालवून घ्या. एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेची कित्येक नियतकालिकं घेतातच.